नगराचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

समाजशास्त्र घेऊन बी. ए. ला बसणाऱ्या प्रत्येकाला डॉ. गो. स. घुर्ये हे नाव तोंडपाठ असते. मालवणात जन्मलेल्या घुर्यांनी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग नावारूपाला आणला, जातींवर आणि जमातींवर ग्रंथ लिहिले, शिष्यांची मोठी परंपरा उभी केली, एवढे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो आणि गुण मिळवतो. पण घुर्यांना विलायतेला पाठवण्यासाठी निवडले कोणी, हा प्रश्न परीक्षेत सहसा येत नाही. त्या माणसाला पाठ्यपुस्तकात एक ओळ मिळते. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यासन सुरू झाले आणि त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे होते. ओळ संपली, पुढचा परिच्छेद सुरू.

मी या एका ओळीच्या मागे लागले त्याला कारण आहे. माझे गाव वडिवळे, नाणे मावळातले. गावाच्या नावाचे धरण पुष्कळांना ठाऊक असते, गाव फारसे कोणाला ठाऊक नसते. पुणे वाढत वाढत मावळात शिरले तशी आमच्याकडे येलो झोन आणि ग्रीन झोन ही दोन नावे सातबाऱ्याइतकीच ओळखीची झाली. २०२१ साली पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. हरकती व सूचना मागवल्या गेल्या, त्या साठ हजारांहून अधिक आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच रद्द केला. आराखडा निघाला तेव्हा मी अकरावीत होते. अक्षर बरे म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी माझ्याकडून हरकतीचे अर्ज लिहून घेतले. नाव, गट नंबर, क्षेत्र आणि हरकत. ज्याची जमीन त्याची हरकत. शेजारच्या आजींना मात्र जमिनीविषयी काहीच म्हणायचे नव्हते. गुरे डोंगराकडे जातात त्या वाटेविषयी त्यांना सांगायचे होते. वाट कोणा एकाच्या गटातली नव्हती आणि अर्जात तिच्यासाठी जागा नव्हती.

पुढे तृतीय वर्षाला आल्यावर गेडिसांविषयी वाचू लागले तेव्हा लक्षात आले की ज्या गोष्टीला अर्जात जागा नाही तिथूनच सुरुवात करणारा हा माणूस होता. त्याची जीवनकथा आपल्या वार्षिकात यावी असे वाटले, म्हणून हा लेख.

गेडिसांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या लहानशा गावी झाला. (ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे, असो.) वडील सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ या गावी स्थायिक झाले. घर टेकडीच्या अंगाला. टेकडीवर चढले की खाली टे नदी, नदीकाठचे गाव, शेते आणि दूरचे डोंगर असा सारा मुलूख एका नजरेत दिसे. मुलाला बागकाम वडिलांनीच शिकवले आणि रानावनात पायी हिंडण्याची सवयही त्यांनीच लावली. पुढे साऱ्या आयुष्यात गेडिस कोणत्याही गावी गेले की आधी उंच जागा शोधत, वरून गाव पाहत आणि मग खाली उतरून गल्ल्या पायाखाली घालत. त्यांच्या सगळ्या शास्त्राचे मूळ या टेकडीत आहे असे मला वाटते.

थोडे दिवस बँकेत नोकरी करून पाहिली, ती मानवली नाही. वनस्पतिशास्त्र शिकायला एडिंबरोला गेले आणि आठवड्याभरात परत आले. शेवटी लंडनला थॉमस हक्सली यांच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकले. पदवी मात्र त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. आपण पदवीसाठी एवढी धडपड करतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवते.

हक्सलींनी त्यांना फ्रान्सला पाठवले. तिथे फ्रेदेरिक ल प्ले या समाजचिंतकाचे विचार त्यांच्या कानी पडले. ठिकाण, काम आणि कुटुंब या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय समाज कळत नाही, हा त्यांचा गाभा. गेडिसांनी त्यातल्या कुटुंबाच्या जागी माणसे, म्हणजे सगळे लोक, असा शब्द घातला आणि ही त्रयी जन्मभर सोडली नाही.

१८७९ साली ते संशोधनासाठी मेक्सिकोला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी गेली. काही आठवडे डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. पंचविशीतला, सूक्ष्मदर्शकावर ज्याचे सारे भवितव्य अवलंबून, असा तरुण. त्या अंधारात खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवताना त्यांना एक युक्ती सुचली. तावदानाच्या चौकोनांसारखे कागदाला घडी घालून चौकोन पाडायचे, एकेका चौकोनात एकेक कल्पना मांडायची आणि शेजारच्या चौकोनांशी तिचे नाते तपासायचे. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पूर्वीसारखे करता येईना. आपल्याला नगररचनाकार गेडिस मिळाले ते बऱ्याच अंशी या दुखण्यामुळे. घडीच्या कागदांचा नाद मात्र त्यांना अखेरपर्यंत पुरला आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तो पुरून उरला!

डोंगरापासून समुद्रापर्यंतचा एक उभा छेद काढून त्यावर माणसांचे धंदे मांडण्याची त्यांची एक प्रसिद्ध आकृती आहे. वर खाणकामगार आणि लाकूडतोड्या, मग शिकारी, मेंढपाळ, खाली शेतकरी, माळी आणि शेवटी किनाऱ्यावर कोळी. नगर म्हणजे या सगळ्या धंद्यांनी खाली येऊन केलेला शेजार. ही आकृती पुस्तकात पाहिली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. आमच्या मावळात माथ्यावर रान, रानात ठाकर-कातकऱ्यांची वस्ती, उताराला धनगरांचे वाडे, खाली इंद्रायणी तांदळाची खाचरे आणि मग रेल्वेलगतचा बाजार. प्रत्येकाची वाट दुसऱ्याच्या शिवारातून जाते. छेद उभा काढला की ती वाट दिसते. वरून पाहिलेल्या रंगीत नकाशात ती दिसत नाही.

१८८६ साली गेडिसांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. तेव्हा ते एडिंबरोला वनस्पतिशास्त्राचे प्रयोगनिर्देशक होते. नवविवाहित जोडप्याने चांगल्या वस्तीत घर करावे ही सर्वसाधारण रीत. या दोघांनी जुन्या एडिंबरोतल्या जेम्स कोर्ट नावाच्या पडझडीच्या, दाटीवाटीच्या चाळीत बिऱ्हाड केले. जुने शहर त्या काळी गलिच्छ वस्ती म्हणून प्रसिद्ध होते. पैसेवाले नव्या शहरात राहायला गेले होते आणि मागे उरलेल्यांविषयी समित्या नेमल्या जात होत्या. गेडिस पतिपत्नींनी समिती नेमली नाही. आपला जिना झाडला, भिंतींना चुना दिला, खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवल्या. मग शेजाऱ्यांना हाक मारली. हळूहळू शेजारी कामाला लागले. पुढे मोडकी घरे एकेक करून दुरुस्त झाली, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि त्याचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती दिला गेला. आपल्या वसतिगृहाच्या रेक्टरांनी हे वाक्य वाचू नये अशी प्रार्थना!

काही वर्षांनी त्यांच्या गटाने जुन्या शहरातल्या पडीक जागांची मोजणी केली. बोळांच्या टोकाशी, पडक्या घरांच्या जागी, भिंतींच्या आड अशा मिळून सुमारे दहा एकर मोकळ्या जागा निघाल्या. शहरात श्वास घ्यायला जागा नाही असे सगळे म्हणत होते आणि दहा एकर जागा कचऱ्याखाली पडून होती. तिथे त्यांनी मुलांसाठी बागा केल्या. कन्या नोरा त्या कामात पुढे होती.

१८९२ साली गेडिसांनी किल्ल्याजवळची एक जुनी मनोऱ्याची इमारत घेतली आणि तिला आउटलुक टॉवर असे नाव दिले. माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या मेजावर शहराचे जिवंत, हलते चित्र उमटायचे. पाहुण्यांना ते धावतपळत जिन्याने थेट वर नेत. आधी आपले शहर डोळ्यांनी पाहायचे आणि मग एकेक मजला उतरत एडिंबरो, स्कॉटलंड, इंग्रजी बोलणारे देश, युरोप, जग अशी दालने पाहायची. समाजशास्त्राची ही पहिली प्रयोगशाळा असे कोणी म्हणतात. मला ती नागरिकांची शाळा वाटते. ज्याला आपल्या गावाविषयी मत द्यायचे आहे त्याने आधी गाव पाहिलेले असावे, एवढी साधी अट तिच्यामागे होती.

डंडी येथे त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले होते. वर्षातला एकच सत्र शिकवायचे आणि बाकीचा काळ मोकळा. ही नोकरी त्यांनी तीस वर्षे केली. मधल्या काळात जे. आर्थर टॉमसन यांच्याबरोबर जीवशास्त्रावर पुस्तक लिहिले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात स्वामी विवेकानंद आणि भगिनी निवेदिता यांची गाठ पडली. या भागावर पुष्कळ लिहिता येईल, पण आपला विषय तो नव्हे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट १९०४ ची. डनफर्मलिन हे अँड्रयू कार्नेगी या धनाढ्याचे जन्मगाव. लोणावळ्यासारखेच लहान शहर. कार्नेगींनी गावच्या लोकांसाठी पाच लाख पौंडांची देणगी देऊन विश्वस्त मंडळ नेमले. तिथल्या उद्यानाचा आराखडा करण्याचे काम गेडिसांकडे आले. त्यांनी उद्यानाबरोबर साऱ्या गावाचाच विचार करून एक जाड ग्रंथ हाती दिला. त्यात एक गंमत आहे. प्रत्येक ठिकाणचे छायाचित्र आहे आणि त्याच जागी सुधारणा झाल्यावर कसे दिसेल त्याचे दुसरे चित्र आहे. नकाशा वाचता येणारी माणसे गावात थोडी असतात, पण आपल्या ओढ्याचे आणि गिरणीचे चित्र कोणालाही ओळखता येते. आज काय आहे आणि उद्या काय होईल हे असे शेजारी शेजारी ठेवले तरच सामान्य माणसाला बोलता येईल, हे त्यांनी ओळखले होते. विश्वस्तांनी तो ग्रंथ बाजूला ठेवला. गेडिसांच्या आयुष्यात हे पुन्हा पुन्हा घडणार होते.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात बोलावले. वय साठ. प्रदर्शनाच्या पेट्या क्लॅन ग्रँट या जहाजावर चढवल्या होत्या. महायुद्ध सुरू झाले होते आणि एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. वीस वर्षांचे नकाशे, चित्रे, तक्ते सारे समुद्रात गेले. गेडिस माघारी फिरले नाहीत. मित्रांनी घाईघाईने नवे साहित्य जमवून पाठवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, देशातला पहिला. (आणि त्याच वर्षी आमच्या लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज तयार होऊ लागली. मुंबईच्या वाढीचा आराखडा कागदावर येण्याआधीच मावळच्या डोंगरात लिहिला जात होता, असे म्हटले तरी चालेल.)

पुढच्या काही वर्षांत गेडिसांनी ठाणे, वांद्रे, अहमदाबाद, नागपूर, लखनौ, बडोदे, ढाका, कपुरथळा अशा कितीतरी गावांची पाहणी करून अहवाल लिहिले. त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. त्या काळचे इंजिनिअर टेबलावर नकाशा पसरून पट्टीने सरळ रस्ता ओढत. रस्त्यात येणारी घरे पाडायची, माणसांना नुकसानभरपाई द्यायची आणि ती माणसे कुठे जातील ते त्यांचे त्यांनी पाहायचे. गेडिस तोच नकाशा हातात घेऊन पहाटे गल्लीत शिरत. कोणते घर खरोखर पडके आहे, कोणते जुने असले तरी धड आहे, विहिरीवर कोण पाणी भरते, पारावर कोण बसते, मुले कुठे खेळतात, कोणत्या अंगणात तुळस आहे, हे सारे पाहत. मग जे घर आपणच पडायला आले आहे तेवढेच काढायचे, तिथे लहानसा चौक करायचा, झाड लावायचे, बोळ थोडा वळवायचा, आणि पाहता पाहता वाट मोकळी होते. मराठ्यांच्या तंजावरात त्यांनी अशीच योजना सुचवली, तेव्हा तिचा अंदाजी खर्च मूळ योजनेच्या एका लहान अंशात बसला. गावातले तलाव डासांच्या भीतीने बुजवण्यालाही त्यांचा विरोध असे. तलावात मासे आणि बदके ठेवावीत, ती डासांच्या अळ्या खातील आणि गाव थंड राहील, असे त्यांचे म्हणणे. वैद्याने नाडी पाहिल्याशिवाय औषध देऊ नये आणि जिथे लेप पुरतो तिथे शस्त्र चालवू नये, हे त्यांचे धोरण होते. अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. ज्यांच्या योजना त्यांनी मोडीत काढल्या त्यांच्याशी त्यांचे क्वचितच पटले.

१९१७ हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट गेले. थोरला मुलगा ॲलस्डेर एप्रिलमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. तार आली तेव्हा ॲनाबाई हिंदुस्थानातच तापाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. गेडिसांनी ती बातमी त्यांना सांगितली नाही. मुलाची आधी आलेली पत्रे ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये ॲनाबाईही गेल्या. जेम्स कोर्टचा जिना झाडण्यापासून जी सोबत होती ती संपली.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते इंदूरला आले. होळकरांचे राज्य, तुकोजीराव महाराज तिसरे गादीवर. शहरात प्लेग आणि हिवताप. गेडिस नेहमीप्रमाणे हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली हिंडू लागले, तर लोक त्यांच्याकडे भीतीने पाहू लागले. पांढऱ्या दाढीचा हा साहेब वस्तीतून फिरतो, कागदावर खुणा करतो, म्हणजे घरे पाडणार किंवा प्लेग आणणार, असा समज पसरला होता. तो समज अगदीच चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण नकाशा घेऊन येणाऱ्या माणसामागून काय येते याचा लोकांना अनुभव होता. आजही आमच्या शिवारात कोणी मोजणीचे यंत्र उभे केले की आधी पोरे धावत येऊन घरी वर्दी देतात.

गेडिसांनी सभा बोलावली नाही, पत्रके काढली नाहीत. महाराजांकडून एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हाती घेतली. मिरवणुकीचा मार्ग ठरलेला असे. गेडिसांनी जाहीर केले की यंदा तो मार्ग बदलेल. ज्या रस्त्यावरचे लोक आपली घरे आणि गल्ली सर्वांत चांगली दुरुस्त करतील, झाडून स्वच्छ करतील, त्या रस्त्याने मिरवणूक जाईल. घरातला केरकचरा विनामूल्य उचलला जाईल. मग काय! गावात चुरस लागली. भिंती रंगल्या, मोऱ्या साफ झाल्या, खड्डे बुजले. सहा हजारांवर गाड्या भरून कचरा निघाला.

दिवाळीला मिरवणूक निघाली. पुढे घोडेस्वार, हत्ती, उंट आणि धान्याच्या गाड्या. मग सूर बदलला. वाद्ये बेसूर झाली आणि रोगांची, दारिद्र्याची, पडक्या घरांची सोंगे आली. रावणासारखा प्रचंड राक्षस, तो घाणीचा राक्षस. त्याच्यामागे एक अवाढव्य उंदीर, तो प्लेगचा. त्यानंतर क्षणभर शांतता, आणि मग आले शहराचे झाडूवाले. शुभ्र कपडे, हातात नवे झाडू, गळ्यात हार. शहराच्या प्रमुख नागरिकांनी त्यांना सन्मानाने मिरवणुकीत घेतले होते. त्यांच्यामागे इंदूर नगरीची नवी देवता सिंहासनावर. मग होऊ घातलेल्या ग्रंथालयाच्या, नाट्यगृहाच्या, बागांच्या, नव्या घरांच्या प्रतिकृती गाड्यांवर. शेवटच्या गाड्यांतून फुले, फळे आणि घरोघरी वाटायला तुळशीची रोपे. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले.

प्लेगचा जोर त्या वेळी ओसरत होताच असे मला वाटते. उंदीर जाळल्याने तो गेला असे समजण्याचे कारण नाही. पण साहेब प्लेग आणतो म्हणणाऱ्या गावात लोक गेडिसांना नावाने ओळखू लागले, ही गोष्ट खरी. मला या हकिकतीत सर्वांत मोलाचा वाटतो तो मार्गाचा निर्णय. मिरवणूक कुठून जाणार हे गावाने ठरवायचे, आणि तेही हात वर करून नव्हे तर आपल्या दाराशी काम करून. लोकांचे मत घेण्याची याहून हुशार रीत माझ्या वाचनात नाही. शिवाय त्यात झाडूवाला पुढे होता. १९१७ साली, एका संस्थानात, त्यांना हार घातला गेला. पुढे १९१८ मध्ये गेडिसांनी इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला.

१९१९ साली ते मुंबई विद्यापीठात आले. व्याख्याते म्हणून ते अवघड होते. बोलणे दाढीत हरवायचे, एका विषयातून दुसऱ्यात उडी, फळ्यावर घडीच्या कागदांचे चौकोन. परीक्षेला काय येणार ते कळत नसे. पण विद्यार्थ्याला ते आपल्या पायाखालच्या जागेविषयी लिहायला लावत. घुर्यांनी मुंबई शहरावर निबंध लिहिला, तो गेडिसांना आवडला आणि त्यांच्या शिफारशीने घुर्ये १९२० मध्ये विलायतेला गेले. १९२४ मध्ये गेडिसांच्या मागून तेच विभागप्रमुख झाले. घुर्यांची वाट मात्र वेगळी होती. ती ग्रंथालयातून गेली. गेडिसांची नगराची पायी पाहणी आपल्या अभ्यासक्रमात मागे पडली ती तेव्हापासून, असे माझे मत. कोणा प्राध्यापकांना ते पटणार नाही, त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे.

गेडिस मुंबईत शिकवत होते त्याच वर्षांत, १९२१ ते १९२४, आमच्या शेजारच्या मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. मुंबईला वीज हवी होती, त्यासाठी टाटांचे धरण होणार होते आणि भातखाचरांसह गावे पाण्याखाली जाणार होती. त्या गावांना आधी कोणी विचारले नव्हते. त्यांची पहिली सूचना चाचणीच्या खड्ड्यांनी दिली. विद्यापीठातले नगरशास्त्र आणि बुडणाऱ्या शेतकऱ्याची हरकत या दोन गोष्टी घाटाच्या अल्याड-पल्याड एकाच वेळी चालू होत्या. हे दोन इतिहास आपण वेगवेगळ्या पेपरांत शिकतो.

गेडिसांनी तरी लोकांना खरेच विचारले का? हा प्रश्न मला टाळता येत नाही. त्यांना ना मराठी येत होती ना हिंदी. त्यांना बोलावले राजेरजवाड्यांनी आणि गव्हर्नरांनी, अहवाल लिहिले इंग्रजीत. ज्यांच्या गल्लीविषयी ते अहवाल होते त्यांतल्या बहुतेकांना ते वाचता आले नाहीत. कोणते घर राहावे आणि कोणते जावे हे शेवटी गेडिसच ठरवत. ते कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकत. सारवलेले अंगण, राखलेले झाड, रोजच्या वापराने घासलेली पायरी हीच त्यांना लोकांची साक्ष वाटे. ही साक्ष खोटी नसते, पण ती अपुरी असते. अंगण सारवणाऱ्या बाईला दुसरीकडे नळाचे घर हवे असेल, तर ते अंगणावरून कळणार नाही. त्यांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या चरित्रांत ही उणीव फारशी दिसत नाही, म्हणून इथे लिहिली.

एवढे मान्य करूनही त्यांनी जो क्रम लावला तो मला महत्त्वाचा वाटतो. आधी पाहणी, मग आराखडा. आपल्या कायद्याने तो क्रम घेतला, पण निम्माच. १९५४ च्या मुंबई नगररचना कायद्याने आणि नंतर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आराखड्याआधी पाहणी आवश्यक ठरवली. ती पाहणी जमिनीच्या वापराची. कुठे घरे, कुठे शेती, कुठे कारखाने, ते रंगवायचे. ठिकाण आले, थोडेफार काम आले, माणसे राहिली. माणसांची पाळी येते ती प्रारूप छापून झाल्यावर, हरकतीसाठी दिलेल्या मुदतीत. तोवर रेषा ओढलेल्या असतात, आणि ओढलेल्या रेषेविषयी माणूस फक्त आपल्या गटापुरते बोलतो. त्यात त्याचा स्वार्थ असतो असे म्हणून सुटका होत नाही. त्याला विचारलेलेच तेवढे असते.

गेल्या उन्हाळ्यात प्रकल्पासाठी मी आणि दोन मैत्रिणी वडिवळ्यात आणि आसपास गेडिसांच्या रीतीने हिंडलो, फक्त कान उघडे ठेवून. वहीत दोन बाजू केल्या. एका बाजूला नकाशात असलेल्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला नसलेल्या. दुसरी बाजू लवकर भरली. गुरांची वाट, उन्हाळ्यात शेवटपर्यंत पाणी टिकणारा झरा, पावसाळ्यात ओढा चढला की शाळेच्या मुलांना थांबवायची जागा, धान्य झोडपायची खळी, कातकरी वाडीतून बाजाराकडे येणारी पायवाट. पुरुषांनी बहुधा जमिनीच्या भावाविषयी सांगितले, बायकांनी अंतराविषयी. तरुण मुलांना रस्ता रुंद हवा होता आणि दवाखाना जवळ हवा होता, तेही वहीत आले. सगळ्यांचे एकमत कशावरच झाले नाही. मात्र झऱ्याची जागा प्रत्येकाने न चुकता दाखवली.

मुंबईची हवा न मानवल्याने १९२४ मध्ये गेडिस हिंदुस्थान सोडून दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए येथे गेले. तोवर जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र त्यांनी लिहून प्रसिद्ध केले होते (१९२०) आणि रवींद्रनाथांशी स्नेह जुळला होता. १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा आराखडा केला. त्यांच्या अहवालांपैकी फारच थोडे प्रत्यक्षात उतरले. मुंबई इलाख्यातील सहा गावांविषयीचे त्यांचे १९१५ चे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ मध्ये, पन्नास वर्षांनी, पुन्हा छापले.

माँपेलिएजवळच्या खडकाळ माळावर त्यांनी एक महाविद्यालय काढले. दगड वेचून बांध घातले, बाग केली आणि इमारतीला एक मनोराही बांधला. १९३२ च्या सुरुवातीला सर ही पदवी स्वीकारली. वीस वर्षांपूर्वी ती नाकारली होती. त्याच वर्षी १७ एप्रिलला तिथेच त्यांचे निधन झाले. नव्या विद्यार्थ्याला वर्गात बसवण्याआधी मनोऱ्यावर नेऊन आजूबाजूचा मुलूख दाखवायचा, हा तिथलाही परिपाठ होता.